ठाण्यातले बोलणे आणि खुणा: अभ्यास कसा करावा

समाजात वावरताना माणसे शब्दांतून आणि खुणांतून अर्थ कसा घडवतात, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि जिज्ञासू रहिवाशांसाठी हे टिपण आहे. भाषाविज्ञान, मानवशास्त्र आणि चिन्हविचार अशा तीन शाखा या विषयात एकत्र येतात. पण आरंभ करण्यासाठी यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी लागत नाही. लागते ती एक ठरलेली जागा, एक नेमका प्रश्न, एक वही आणि जे दिसले-ऐकले ते अर्थ लावण्याआधी जसेच्या तसे लिहून ठेवण्याची शिस्त. ठाणे शहर या कामासाठी फार सोयीचे आहे, कारण नौपाड्यासारखी जुनी वस्ती, चेंदणी कोळीवाडा, जांभळी नाक्याची बाजारपेठ, घोडबंदर रस्त्यावरची उंच गृहसंकुले आणि दिवसरात्र गजबजलेले रेल्वे स्थानक हे सगळे एका दुपारी फिरून पाहता येईल एवढ्या अंतरात आहे.

आधी किती वाचावे

नवखा अभ्यासक बहुधा वाचनातच अडकतो आणि बाहेर पडायचे राहून जाते. माझ्या मते सुरुवातीला तीन कल्पना पक्क्या समजल्या तरी पुरे. बाकीचे वाचन नोंदी हाती आल्यावर करावे, तेव्हा ते अधिक लागू पडते.

पहिली कल्पना आपल्याच परंपरेतली आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ मम्मट याने ‘सूर्य अस्ताला गेला’ या एवढ्याशा वाक्याचे उदाहरण घेऊन दाखवले की वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सर्वांसाठी एकच असला, तरी ऐकणारा बदलला की त्यातून सूचित होणारा अर्थ बदलतो. गुराख्याला ते गुरे गोळा करायला सांगते, दुकानदाराला माल आवरायला, प्रेयसीला भेटीच्या ठरलेल्या जागी निघायला आणि कर्मठाला संध्येला बसायला. अभिधा (सरळ अर्थ देणारी), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नसेल तेव्हा जवळचा दुसरा अर्थ देणारी) आणि व्यंजना (अर्थ सुचवणारी) या तीन शब्दशक्तींची ही चर्चा काव्यासाठी झाली, परंतु रोजच्या बोलण्याला ती तितकीच लागू आहे. मुलुंड सुटले की लोकलच्या दारात मागचा प्रवासी पुढच्याला ‘ठाणे?’ एवढा एकच शब्द विचारतो. त्याला शहराबद्दल काहीही जाणून घ्यायचे नसते. ‘तुम्ही उतरणार आहात का, नसाल तर मला पुढे येऊ द्या’ हे सगळे त्या एका शब्दात आणि शेवटी उंचावलेल्या सुरात आहे, आणि ऐकणारा उत्तरादाखल मान हलवून किंवा अंग चोरून बाजूला होतो. तोच शब्द तिकीट खिडकीपाशी उच्चारला, तर हाती तिकीट पडते.

दुसरी कल्पना फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची. त्याची जिनिव्हातील व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांच्या आधारे प्रसिद्ध झाली. चिन्हाला अर्थ मिळतो तो शेजारच्या इतर चिन्हांपेक्षा ते वेगळे असल्यामुळे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले होते: साम्यावर उभी असलेली प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधावर उभा असलेला निर्देशक आणि केवळ रूढीवर उभा असलेला संकेत. महिलांच्या डब्यावर रंगवलेले स्त्रीचे चित्र ही प्रतिमा. कोळीवाड्याच्या वाटेवर येणारा सुक्या बोंबलांचा वास हा निर्देशक. मंदिरावरचा भगवा ध्वज हा संकेत. प्रत्यक्षात बहुतेक खुणांमध्ये हे तिन्ही प्रकार कमी-अधिक मिसळलेले असतात, म्हणून वर्गीकरणाचा हट्ट धरू नये.

तिसरी कल्पना डेल हाइम्स या अमेरिकी अभ्यासकाची. व्याकरणाबरोबरच कोण, कोणाशी, कुठे, कशासाठी, कोणत्या सुरात आणि कोणत्या रिवाजानुसार बोलतो आहे, हे नोंदवल्याशिवाय बोलण्याचा अर्थ कळत नाही, असे त्याने मांडले. प्रत्येक नोंदीच्या वेळी हे प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न लहान ठेवावा

‘ठाण्याची भाषिक संस्कृती’ हा अभ्यासाचा प्रश्न होऊ शकत नाही. तो केवळ ग्रंथाच्या मुखपृष्ठाला शोभेल. ‘जांभळी नाक्याच्या बाजारात गिऱ्हाईक आणि विक्रेते एकमेकांना काय म्हणून हाक मारतात’ हा प्रश्न चांगला आहे, कारण त्याचे उत्तर कानाने ऐकता येते, मोजता येते आणि चुकीचे ठरले तर तसे कळते. राम मारुती रस्त्यावरच्या पाट्यांमध्ये कोणती भाषा कोणत्या जागी लिहिलेली असते, गृहसंकुलाच्या उद्वाहनाजवळच्या सूचना कोणत्या क्रियापदांनी संपतात, घरात वडिलांना ‘अहो’ म्हणणारी आणि ‘अरे’ म्हणणारी पिढी कुठे बदलते, असे प्रश्न याच जातीचे आहेत. जागा अशी निवडावी की तिथे तुमचे जाणे-येणे स्वाभाविक असेल. रोज भाजी घेणाऱ्याने बाजार निवडावा, रोज लोकलने जाणाऱ्याने फलाट निवडावा.

नोंद कशी घ्यावी

वहीच्या डाव्या पानावर जे घडले ते आणि उजव्या पानावर त्याबद्दल तुम्हाला जे वाटले ते, अशी विभागणी सुरुवातीपासून पाळावी. ‘विक्रेती प्रेमाने म्हणाली’ ही नोंद नव्हे, हा निष्कर्ष आहे. काय शब्द वापरले, नजर कुठे होती, हात काय करत होते, हे डावीकडे लिहावे. प्रेमाचा विचार उजवीकडे. नमुन्यादाखल बाजारातली एक नोंद कशी दिसेल ते पाहा.

‘सकाळी सव्वादहा. भाजीची गाडी. विक्रेती पन्नाशीची वाटते, गिऱ्हाईक तिशीचे. गिऱ्हाईक: मावशी, मेथी कशी दिली? विक्रेती: वीसला जुडी, ताई. गिऱ्हाईक (जुडी उलटीसुलटी करून): पंधराला द्या ना. विक्रेती (वर न बघता, दुसऱ्या जुडीची माती झटकत): घे ग, दोन घे, पस्तीस दे. गिऱ्हाईक दोन जुड्या पिशवीत टाकते.’

एवढ्याशा देवघेवीत पाहण्यासारखे बरेच आहे. गिऱ्हाईक घासाघीस करतानाही ‘द्या’ हे आदरार्थी रूप वापरते. विक्रेतीने मात्र ‘ताई’पासून सुरुवात करून ऐन घासाघीस चालू असताना ‘घे ग’ असा पवित्रा घेतला आहे. हा एकेरीपणा वयाच्या अधिकारातून आला, सलगीतून आला, की सौदा संपवण्यासाठी तो एक युक्ती म्हणून वापरला गेला? उजव्या पानावर या तिन्ही शक्यता लिहाव्यात आणि कोणतीही एक लगेच स्वीकारू नये. नंतरच्या नोंदींमध्ये, गिऱ्हाईक वयाने मोठे असेल, पुरुष असेल किंवा हिंदीत बोलणारे असेल तेव्हा विक्रेती एकेरीवर येते का, हे पाहिल्यावर यांपैकी काही शक्यता आपोआप गळून पडतात. वेळ, जागा आणि हवा यांचा उल्लेख प्रत्येक नोंदीत असावा. सणाच्या आदल्या दिवशीची घाई आणि पावसाळ्यातल्या दुपारची सुस्ती यांत माणसे निराळे बोलतात.

संबोधनांपासून सुरुवात करावी

मराठीत या अभ्यासाला संबोधनांइतके समृद्ध दार दुसरे नाही, म्हणून नवख्याने तिथूनच आत शिरावे असे मी आग्रहाने सांगेन. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील एकेरी व आदरार्थी सर्वनामांचा अभ्यास करून असे मांडले की ही सर्वनामे सत्ता आणि जवळीक या दोन अक्षांवर हलतात. मराठीतला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा व्यवहार या दोन अक्षांत बराचसा मावतो. जो मावत नाही, तोच अधिक लक्षपूर्वक पाहावा. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’च म्हणतो. सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणणारी सून विठ्ठलाला एकेरीत साकडे घालते. वारीत अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतो आणि वय, जात, हुद्दा या सगळ्यांना त्या एका शब्दाने क्षणभर बाजूला ठेवतो.

नात्याच्या शब्दांचा नात्याबाहेरचा वापर वेगळा टिपावा. अनोळखी प्रौढ स्त्रीला आपण ‘मावशी’ म्हणतो; ‘आत्या’ म्हणत नाही. अनोळखी प्रौढ पुरुषाला ‘काका’ म्हणतो, पण वाहतूक पोलिसाचा ‘मामा’ होतो. रुग्णालयात परिचारिका ‘सिस्टर’ असते आणि साफसफाई करणारी बाई ‘मावशी’. म्हणजे ‘मावशी’ हा शब्द सख्ख्या मावशीसाठी नाते, भाजीवालीसाठी सलगी आणि रुग्णालयातल्या मदतनिसासाठी जवळजवळ पदनाम आहे. या तीन वापरांत क्रियापदाचे रूप बदलते का, आवाजाची पट्टी बदलते का, उलट बाजूने कोणते संबोधन येते, याची नोंद घेतली तर नात्याच्या शब्दामागे दडलेली श्रेणी उघड होते. घरकामाला येणाऱ्या स्त्रीला ‘ताई’ म्हणणारी आणि ‘बाई’ म्हणणारी घरे यांची तुलना हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

‘भैया’ हा शब्द विशेष काळजीने हाताळावा. हिंदीत तो भावाचा शब्द आहे. ठाण्यातल्या मराठी बोलण्यात तो हिंदी बोलणाऱ्या विक्रेत्याला मारलेली साधी हाक असू शकतो आणि एका प्रांताच्या लोकांना हिणवण्याचे साधनही असू शकतो. हाक म्हणून समोर उच्चारलेला ‘भैया’ आणि पाठीमागे अनेकवचनात, ‘हे भैये’ असा उच्चारलेला शब्द यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या, तर फरक दिसतो. तसाच फरक आदरार्थी क्रियापदांतही असतो. समोर ‘साहेब, तुम्ही आलात’ म्हणणारा माणूस दार बंद झाल्यावर ‘तो आला होता’ म्हणतो का, आणि कोणाच्या बाबतीत गैरहजेरीतही ‘ते आले होते’ हे रूप टिकते, हे पाहावे. गैरहजेरीत टिकलेला आदर आणि समोरासमोरचा आदर यांना वेगळे मोजायला हवे. माझ्या दृष्टीने पहिल्याची नोंद दुसऱ्याहून अधिक मोलाची आहे.

एक शब्द बदलून पाहावा

अर्थ तपासण्याची सर्वांत विश्वासार्ह युक्ती म्हणजे अदलाबदलीची चाचणी. एखाद्या वाक्यातला एकच घटक बदलावा, बाकी सगळे तसेच ठेवावे आणि लोकांच्या प्रतिक्रियेत काय बदलते ते पाहावे. घरातून निघताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो. त्याऐवजी ‘जातो’ म्हटले तर माहितीत तिळमात्र फरक पडत नाही, परंतु घरातली वडीलधारी व्यक्ती हमखास टोकते: ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे.’ या टोकण्यामुळेच नियमाचे अस्तित्व सिद्ध होते. नियम जिवंत आहे की नाही हे पाळणाऱ्यांकडून कळत नाही, तो मोडल्यावर कोण दुखावते त्यावरून कळते.

हीच चाचणी ‘वाढवणे’ या क्रियापदावर करून पाहावी. नारळ वाढवतात, बांगडी वाढवते, मंगळसूत्र वाढवते, दुकान वाढवतात. फुटणे, तुटणे आणि बंद होणे या अशुभ क्रियांना त्यांच्या उलट अर्थाच्या शब्दाने झाकण्याची ही रीत आहे. जांभळी नाक्यावरच्या जुन्या दुकानदाराला ‘दुकान कधी वाढवता’ असे विचारा आणि नंतर मोठ्या मॉलमधल्या तरुण विक्रेत्याला तेच विचारून पाहा. पहिला वेळ सांगेल. दुसरा कदाचित दुकानाच्या विस्ताराबद्दल बोलू लागेल. अशा ठिकाणी पिढी आणि व्यवसाय यांच्या सीमा स्पष्ट दिसतात. मात्र दुःखात असलेल्या माणसावर अशा चाचण्या कधीही करू नयेत.

काही उच्चारणे ही स्वतःच कृती असतात, हेही याच संदर्भात ध्यानात घ्यावे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत ही गोष्ट विस्ताराने मांडली. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ या वाक्याला खरे-खोटे ठरवता येत नाही. ते म्हटले गेले की भांडण मिटल्याचे दोघेही धरून चालतात.

पाट्या वाचताना

शहरातल्या पाट्यांचा अभ्यास करणे सोपे वाटते, कारण पाट्या पळून जात नाहीत आणि छायाचित्र काढता येते. पण इथेच घाईचे निष्कर्ष सर्वाधिक निघतात. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांच्यासाठी २०१७ चा कायदा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी लावणे, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान न ठेवणे, बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत मराठी दिसली, तर त्यातून कायदा पाळल्याचे कळते. मालकाची आवड, गिऱ्हाइकाची भाषा किंवा मराठीची प्रतिष्ठा यांबद्दल तेवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.

यावर उपाय असा की मोजणी करताना लिपी आणि भाषा यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ ही अक्षरे देवनागरीत असली तरी शब्द इंग्रजी आहेत. ‘औषधांचे दुकान’ लिहिले तर लिपीही मराठीची आणि भाषाही मराठी. एखाद्या रस्त्याच्या दोन्ही बाजू या पद्धतीने मोजल्या की कायद्याने काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे दोन स्वतंत्र आकड्यांत दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायदा जिथे पोहोचत नाही तिथले लेखन पाहावे: काचेवर चिकटवलेला ‘सुट्टे पैसे द्यावेत’ असा कागद, भाव लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी, बिल, बंद दारावरची ‘पाच मिनिटांत येतो’ ही चिठ्ठी. तिथे दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाची जी भाषा धरून चालतो, तीच लिहितो.

सूचनांचे क्रियापदही पाहावे. सार्वजनिक सूचना ‘टाकू नये’ म्हणते आणि बोलणारा कोण हे लपवते. गृहसंकुलाची समिती ‘कृपया सहकार्य करावे’ म्हणते. वैतागलेला रहिवासी स्वतःच्या हाताने ‘इथे गाडी लावू नका’ असे लिहितो. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून लावलेल्या देवदेवतांच्या आणि विविध धर्मांच्या चिन्हांच्या फरशा तर एकही अक्षर न लिहिता मनाई करतात. अशीच मनाई फार पूर्वी या भागात दगडावर कोरली जात असे. शिलाहार राजघराण्याच्या काळात, जेव्हा ठाणे ‘श्रीस्थानक’ या नावाने राजधानीचे ठिकाण होते, तेव्हा दानाच्या शिळांवर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे शिल्प कोरत असत. अशा शिळेला गधेगाळ म्हणतात. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान टिकावे, आणि जो ते मोडील त्याच्या कुळाला लाज आणणारी शिवी लागावी, हा आशय अक्षर न येणाऱ्यालाही चित्रावरून कळत असे. लेख आणि चित्र यांनी काम कसे वाटून घेतले आहे, हे पाहण्यासाठी गधेगाळाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

इमारतींची आणि स्थानकांची नावे हाही पाट्यांचाच भाग समजावा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींवर ‘निवास’, ‘सदन’, ‘कृपा’ असे शब्द आढळतात. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांची नावे बहुधा परदेशी बागा आणि टेकड्या यांची आठवण करून देणारी असतात. नवी मुंबईत ‘सीवूड्स-दारावे’ या स्थानकाच्या नावात गृहप्रकल्प आणि मूळ गाव शेजारी शेजारी उभे आहेत. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि ज्या गावांच्या जमिनींवर सेक्टर उभे राहिले, त्या गावांतल्या लोकांच्या बोलण्यात ‘साडेबारा टक्के’ हा आकडा एका संपूर्ण इतिहासाचे नाव बनला. जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या विकसित भूखंडाचे ते प्रमाण. पण घणसोली किंवा करावे इथल्या घरात ते उच्चारताना त्यात हक्क, आंदोलन आणि भाऊबंदकी हे सगळे एकदम येते. सेक्टरमध्ये राहणाऱ्याच्या तोंडी तोच आकडा केवळ घराच्या जाहिरातीतला तपशील असतो. बाहेरून आलेल्या अभ्यासकाने असे शब्द प्रथम हेरावेत आणि त्यांचा अर्थ विचारण्याऐवजी ‘हा शब्द कधी वापरता’ असे विचारावे. अर्थ विचारला की लोक शब्दकोशासारखे उत्तर देतात, प्रसंग विचारला की गोष्ट सांगतात.

शुभेच्छा फलकांवरची माणसे

चौकातल्या वाढदिवसाच्या फलकाकडे मजकूर न वाचता आधी मांडणी म्हणून पाहावे. सर्वांत मोठे छायाचित्र कोणाचे, वरच्या ओळीत कोणाचे चेहरे, कोणाचे हात जोडलेले आणि कोणाचा हात उंचावलेला, ‘शुभेच्छुक’ म्हणून खाली छापलेल्या नावांचा क्रम काय, हे कागदावर रेखाटून घ्यावे. जोडलेले हात प्रतिमा म्हणून नमस्काराचे असतात; निवडणूक जवळ आली की तेच हात मागणीचे होतात. वरच्या ओळीतल्या चेहऱ्यांचा क्रम बदलला, तर गल्लीतल्या माणसाला पक्षातल्या घडामोडी कळतात, जरी फलकावर एका शब्दानेही ते सांगितलेले नसले. एकाच चौकाची छायाचित्रे काही महिने घेत राहिल्यास हा बदल क्रमाने मांडता येतो.

बोली आणि भाषांची सरमिसळ

विल्यम लबॉव या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत विक्रेत्यांना अशा वस्तूबद्दल विचारले की तिचे उत्तर ‘चौथा मजला’ असेच यावे, आणि ‘फोर्थ फ्लोअर’ या दोन इंग्रजी शब्दांतला ‘र’ किती जण स्पष्ट उच्चारतात हे टिपले. जितके दुकान प्रतिष्ठित, तितका हा ‘र’ अधिक ऐकू आला. ठाण्यात अशा पद्धतीला सोयीचा शब्द आहे ‘तलावपाळी’. मासुंदा तलावाच्या काठाला लोक काय म्हणतात असे विचारले, की उत्तरातला ‘ळ’ तसाच राहतो की ‘ल’ होतो, हे कळते. चेंदणी कोळीवाड्यात आणि नवी मुंबईच्या गावठाणांत ऐकू येणाऱ्या आगरी-कोळी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, आगरीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते. हे त्या बोलींचे नियम आहेत. वहीत ‘अशुद्ध’ हा शब्द कुठेही येता कामा नये. ज्या दिवशी तो येईल, त्या दिवशी अभ्यास थांबून निवाडा सुरू होतो. उलट, तोच माणूस बँकेत ‘पाणी’ आणि घरी ‘पानी’ म्हणत असेल, तर कोणत्या उंबरठ्यावर उच्चार बदलतो हे शोधावे.

भाषा मिसळतात तेव्हाही त्या आपापले काम सोडत नाहीत. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एकीतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवून बोलता येई. तरीही शब्दसंग्रह वेगळाच राहिला, कारण घरची भाषा ही आपल्या समाजाची ओळख होती. लोकलच्या डब्यात मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून पुन्हा मराठीत होणारे बदल टिपताना हे ध्यानात ठेवावे. आसनावरून वाद सुरू झाला की भाषा कोणत्या वाक्याला बदलते, ती नोंद सर्वांत बोलकी असते. उद्घोषणेतले ‘जलद’ आणि ‘फलाट’ आणि प्रवाशांच्या तोंडचे ‘फास्ट’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ यांचीही यादी करावी. कार्यालयीन मराठी आणि बोलण्यातली मराठी यांच्यामधले अंतर तिथे रोज ऐकू येते.

संमती आणि सभ्यता

सार्वजनिक जागेतले बोलणे ऐकून वहीत लिहिणे आणि ते ध्वनिमुद्रित करणे यांत मोठे अंतर आहे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे, कशासाठी हवे ते सांगावे आणि नकार आला तर कारण न विचारता तो मान्य करावा. नावे बदलून लिहावीत आणि गाडीची नेमकी जागा, घराचा क्रमांक, कामाचे ठिकाण असे तपशील काढून टाकावेत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले संदेश तुम्ही सदस्य म्हणून वाचलेले असतात, अभ्यासक म्हणून नव्हे. गटाची परवानगी घेतल्याशिवाय त्यांतले एक वाक्यही उद्धृत करू नये. लहान मुलांच्या बोलण्याची नोंद पालकांना सांगूनच घ्यावी. बाजारात उभे राहून कोणाचा धंदा अडवू नये. काही विकत घेतले तर उभे राहण्याचा हक्क तरी मिळतो.

लिहिताना

नोंदी पुरेशा झाल्या हे कसे ओळखावे, याचे उत्तर साधे आहे: नवी नोंद घेताना पुढे काय येणार हे तुम्हाला आधीच सांगता येऊ लागले, आणि ते तसेच आले, की त्या प्रश्नापुरते काम झाले. त्यानंतर नियम एका वाक्यात लिहावा आणि त्याला न जुमानणाऱ्या नोंदी एकत्र कराव्यात. बाजारातल्या ‘घे ग’चे उदाहरण घेतल्यास, ‘वयाने लहान असलेल्या स्त्री-गिऱ्हाइकाशी विक्रेती भाव सोडताना एकेरीवर येते’ असे वाक्य तयार होईल, आणि मग त्यात न बसणारी प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे समजावून सांगावी लागेल. अपवाद गाळून लिहिलेला अहवाल वाचायला गोड लागतो, पण त्यावर पुढचा अभ्यासक काहीच उभे करू शकत नाही. उतारे देताना विराम, हसणे, हातवारे कंसात द्यावेत आणि बोलीतले उच्चार प्रमाणलेखनात बदलू नयेत.

पूर्वसूरींचे काम पाहायचे असल्यास अशोक केळकर आणि ना. गो. कालेलकर यांचे भाषाविषयक लेखन, इरावती कर्वे यांचे नातेसंबंधांवरचे काम आणि मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीभेदांचा केलेला अभ्यास यांपासून आरंभ करावा. ठाण्यातच १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जुनी पुस्तके शोधण्यासाठी जाणे फायद्याचे ठरेल. मसुदा तयार झाला की तो आधी ज्यांच्या बोलण्यावर लिहिला त्यांच्यापैकी काहींना वाचून दाखवावा. भाजीवाल्या मावशींनी ‘असं नाही ग, ती ओळखीची होती म्हणून तसं म्हटलं’ असे सांगितले, तर तेही उत्तर अहवालात घ्यावे आणि उजव्या पानावरच्या तीन शक्यतांमध्ये चौथी वाढवावी.